लोखंडाला विटाळ कशाचा?

स्पर्शाने वस्तू बिघडते की स्पर्शाने ती तरते? आपल्या धर्मविचारात या प्रश्नाची दोन्ही उत्तरं शेकडो वर्षं शेजारीशेजारी नांदत आली आहेत. एक उत्तर विटाळाचं: शिवू नका, लांब राहा, अंतर राखलं तरच पावित्र्य टिकतं. दुसरं परिसाचं: परीस शिवला की लोखंडाचं सोनं होतं, म्हणून संतांच्या जवळ जा, त्यांच्या पायांना हात लावा. माझी आजी ही दोन्ही उत्तरं एकाच दिवसात जगायची. सकाळी सोवळ्यात पूजा करताना ती आम्हा नातवंडांना दाराबाहेर उभं करायची आणि रात्री मारुतीच्या देवळातलं कीर्तन ऐकून आली की परिसाचा दृष्टान्त तल्लीन होऊन सांगायची. तिला त्यात विरोध दिसत नव्हता. मला दिसायचा, कारण दृष्टान्तातलं ते लोखंड आमच्या घरात रोज यायचं. वडिलांच्या कपड्यांना, नखांना, जेवणाच्या डब्याच्या कडीला त्याचा वास असायचा. अप्पा साखर कारखान्यात फिटर होते.

पुढे मी रसायनशास्त्र शिकले आणि आमच्या गावी, राहुरीतच, ते शिकवत राहिले. धातूंचं गंजणं आणि त्यांना वाचवणारे लेप हा माझा जिव्हाळ्याचा विषय झाला. त्यातही वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरचे लेप. आजीच्या दोन उत्तरांपैकी एक निवडायला मला या लेपांनी भाग पाडलं. ते कसं, हे सांगायचं तर थोडं रसायनशास्त्र नीट बघावं लागेल.

रसायनशास्त्रातून नीती निघत नाही, असं कोणी म्हणेल. मलाही ते मान्य आहे. धातूचे अणू कसे वागतात यावरून माणसांनी कसं वागावं हे ठरत नाही. पण विटाळाची कल्पना आधीपासून पदार्थांच्या दाखल्यांवरच उभी केलेली आहे. एक नासका आंबा आढीतले सगळे आंबे नासवतो, लोणच्याला भलता हात लागला की बुरशी येते, उघडं लोखंड हवेने गंजतं. असे दाखले देऊनच ती मुलींच्या गळी उतरवली जाते. दाखला चुकीचा निघाला तर त्यावर टेकवलेल्या कल्पनेला दुसरा आधार शोधावा लागेल, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि लोखंडाचा दाखला चुकीचा आहे.

राहुरीत लोखंड गंजायला कारणं भरपूर. मुळा धरणाचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि पाटपाण्याच्या अतिवापराने काही रानं खारावली. अशा रानातल्या बोअरची मोटार वर काढली की पाइपाच्या आट्यांपाशी लोखंड खाल्लेलं दिसतं. खत पेरायच्या यंत्राच्या पेटीत म्युरेट ऑफ पोटॅश तसंच राहून गेलं तर ते ओल धरतं आणि पत्र्याची चाळण करतं. ते पोटॅशियम क्लोराइड आहे आणि क्लोराइड हा लोखंडाचा सगळ्यांत चिवट वैरी. पण गंजाची खरी शाळा म्हणजे साखर कारखाना. उसाचा रस मुळात आंबट, त्यात चुन्याचं दूध आणि गंधक जाळून केलेला वायू सोडतात. हंगामात टाक्या, पाइप, पॅन गरम आणि वाहते असतात. गळीत संपून ऑफ सीझन लागला की ओल जागोजागी साचून राहते, आणि लोखंड जातं ते तेव्हा.

त्या महिन्यांत अप्पांचं काम म्हणजे खरवडणं, घासणं, बदलणं, रंगवणं. शाळेला सुट्टी असली की मी डबा घेऊन जायची. वायर ब्रशने घासलेल्या पत्र्यावर रेड ऑक्साइडचा हात मारलेला असायचा, त्यावर ॲल्युमिनियम पेंट. चकचकीत. पण अप्पा रंगाकडे बघत नसत, त्यावरून हात फिरवत. कुठे बारीकसा फुगा लागला की नखाने फोडत. आत काळपट ओल आणि तांबडी माती. वरचा रंग अखंड आणि खाली लोखंड गेलेलं. गॅस्केटखाली, बोल्टच्या वायसरखाली, वाफेच्या पाइपांवर गुंडाळलेल्या लॅगिंगखाली हेच. "पोरी, उघडं लोखंड वरवर गंजतं," ते म्हणायचे, "झाकलेलं आतून जातं. आणि झाकलेलं कळत नाही."

याचं कारण मला कॉलेजात एका थेंबात दिसलं. केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स हे गंजशास्त्राचे पितामह. त्यांच्या नावाचा एक प्रयोग आहे, आणि मी तो प्रत्येक वर्गाला करून दाखवत आले. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्या पाण्यात पोटॅशियम फेरीसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीन मिसळलेलं असतं. थोड्या वेळाने थेंबाच्या मधोमध निळा रंग उमटतो आणि कडेला गुलाबी कडं येतं. निळा रंग सांगतो की इथे लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरताहेत, म्हणजे धातू झिजतोय. गुलाबी रंग सांगतो की इथे हवेतला ऑक्सिजन आणि पाणी ते इलेक्ट्रॉन उचलताहेत. थेंबाची कड हवेला जवळ, मध्य हवेपासून लांब. मुली दर वर्षी एकच प्रश्न विचारायच्या: मॅडम, हवेने गंजतं ना, मग हवा जिथे पोचते तिथे लोखंड शाबूत कसं?

या प्रश्नातच सगळं आलं. ऑक्सिजनशिवाय गंज नाही हे खरं, पण झिजतो तो भाग ऑक्सिजनपासून तुटलेला. ज्या भागाला हवेचा भरपूर स्पर्श आहे तिथे लोखंडावर ऑक्साइडची एक पातळ त्वचा टिकून राहते. जो भाग अलग पडला त्याची त्वचा विरघळते आणि दुरुस्त व्हायला काही उरत नाही. बोल्टच्या वायसरखाली अप्पांना दिसायचं ते हेच.

ही त्वचा म्हणजे धातूंच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं आश्चर्य आहे. १८३६ साली शॉनबाइन आणि फॅरडे या दोघांचा तिच्यावरून पत्रव्यवहार झाला. लोखंड सौम्य नायट्रिक आम्लात भराभर विरघळतं. तीव्र नायट्रिक आम्लात बुडवलं तर मात्र शांत पडून राहतं. मग त्याला सौम्य आम्लात घातलं तरी काही काळ ते हलत नाही. पण नुसता ओरखडा काढा, की उसळून विरघळायला लागतं. फॅरडेचा तर्क असा की तीव्र आम्लाने लोखंडावर ऑक्साइडचा अदृश्य थर चढतो. तो खरा ठरला. त्या थराची जाडी दोन-तीन नॅनोमीटर, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ज्या ऑक्सिजनने लोखंडाची माती होते त्याच ऑक्सिजनचा हा थर. घरातलं स्टीलचं पातेलं आपण रोज तारेच्या घासणीने घासतो, तरी ते गंजत नाही. त्यातल्या क्रोमियमवर प्रत्येक ओरखड्यानंतर हवेचा स्पर्श होताच नवी त्वचा येते. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा कसून अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, आणि शतकानुशतकं पाऊस-उन्हाने भिजत-वाळत गेल्यामुळेच स्तंभावर फॉस्फेटचा रक्षक थर जमला. भिजू दिला नसता तर तो थर जमला नसता.

मग रंग काय करतो? आपली समजूत अशी की रंग हे लोखंडाचं सोवळं: पाणी आणि हवा बाहेर, लोखंड आत. इव्हान्स यांच्या केंब्रिजमधलेच जे. ई. ओ. मेन यांनी १९५० च्या आसपास ही समजूत मोडून काढली. नेहमीच्या रंगाच्या थरातून जेवढं पाणी आणि जेवढा ऑक्सिजन आत जातो, ते उघड्या लोखंडाला गंजायला लागतं त्याहूनही जास्त असतं, हे त्यांनी दाखवलं. रंगाचा उपयोग होतो. पण त्याने पाणी आणि हवा अडत नाहीत, मिठासारख्या क्षारांच्या आयनांची ये-जा मंदावते, म्हणून होतो. सोवळं म्हणून रंग कधीच पुरा पडलेला नाही.

इथे शेंदुराबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आपल्याकडे मारुतीला, बांधावरच्या म्हसोबाला, गणपतीला तेलात कालवून लावतात तो अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. हेच शिशाचं ऑक्साइड अळशीच्या तेलात कालवून पूल, जहाजं, गर्डर यांना पहिला हात म्हणून लावत. रेड लेड प्रायमर तो हाच. लोखंड राखण्यात त्याने शंभरावर वर्षं भल्याभल्या रंगांना मागे टाकलं. का टाकलं, हेही मेन यांच्या कामातून उलगडलं. शिसं आणि तेलातली आम्लं मिळून जे साबण बनतात त्यांच्यातून हळूहळू असे पदार्थ सुटतात की ते लोखंडापर्यंत जाऊन त्याची स्वतःची त्वचा घट्ट करतात. शेंदूर नुसता झाकत नव्हता, आतल्या धातूशी त्याचा व्यवहार चालू होता. शिसं विषारी म्हणून तो बाजूला पडला, आणि ते योग्यच झालं. त्याच्या जागी आलेला स्वस्त रेड ऑक्साइड प्रायमर दिसतो तसाच तांबडा, पण तो लोहाचं ऑक्साइड. तो असा व्यवहार करत नाही.

व्यवहार करणारा, पण शिसं नसलेला लेप हवा होता. तो शोधताना माणसं वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरपर्यंत पोचली. १९७७ साली हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी पॉलिॲसिटिलीनला आयोडीनची वाफ देऊन त्याची वाहकता कोट्यवधी पटींनी वाढवून दाखवली. तोवर प्लॅस्टिकच्या कुळातले पदार्थ वीज अडवण्यासाठीच ओळखले जात. या तिघांना २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. लेपांसाठी मात्र त्याच कुळातलं पॉलिॲनिलीन जास्त सोयीचं निघालं. ॲनिलीन रंगाच्या कारखान्यांना एकोणिसाव्या शतकापासून परिचित. त्याच्या साखळ्या जोडून आणि आम्लाची जोड देऊन जो गर्द हिरवा पदार्थ मिळतो तो वीज वाहतो. १९८५ मध्ये डेव्हिड डीबेरी यांनी स्टेनलेस स्टीलवर पॉलिॲनिलीनचा थर चढवला आणि ते सल्फ्युरिक आम्लात ठेवलं. धातूची त्वचा आम्लातही टिकून राहिली.

हा हिरवा लेप लोखंडाला जगापासून तोडत नाही. लोखंडाकडून इलेक्ट्रॉन तो स्वतः घेतो. घेताना त्याचा रंग उतरतो, हिरवा फिका पडतो. इकडे इलेक्ट्रॉन दिलेलं लोखंड अशा अवस्थेत जातं की त्याच्या अंगावर ऑक्साइडची ती पातळ त्वचा आपोआप धरते. मग हवेतला ऑक्सिजन लेपाच्या बाहेरच्या अंगाने ते इलेक्ट्रॉन उचलतो आणि लेप परत हिरवा होतो. स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात तसे इलेक्ट्रॉन धातूकडून लेपाकडे आणि लेपाकडून हवेकडे जातात. यात आणखी एक फायदा आहे. साध्या रंगाखाली ऑक्सिजन थेट धातूपाशी येऊन इलेक्ट्रॉन उचलतो, तिथे अल्कली साचते आणि रंग सुटून फुगा येतो. वाहक लेपात हा व्यवहार धातूपासून दूर, लेपातच होतो.

महाराष्ट्रात या विषयाचं मोठं काम जळगावला झालं. तिथल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, आजच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठात, भौतिकशास्त्राचे प्रा. पी. पी. पाटील आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तांब्यावर आणि साध्या पोलादावर पॉलिॲनिलीन आणि त्याच्या भावंडांचे थर विजेच्या साहाय्याने चढवले. अडचण अशी असते की पॉलिमर धरायच्या आत धातूच विरघळायला लागतो. उपाय म्हणून सॅलिसिलेट किंवा ऑक्झॅलेटचं द्रावण वापरतात. धातू आधी थोडा विरघळतो, विरघळलेले आयन त्या द्रावणाशी जुळून धातूवरच एक पातळ क्षार बनून बसतात आणि त्या थरावर पॉलिमर उभा राहतो. संरक्षणाचा पाया धातूने गमावलेल्या अंशातूनच घातला जातो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

भगवद्गीतेतलं कमळाचं पान आपल्याला माहीत आहे: पाण्यात असून न भिजणारं. अलिप्ततेचा तो आदर्श थोर आहे आणि त्यावर बोट ठेवण्याची माझी योग्यता नाही. पण संसारातल्या माणसाला, त्यातही बाईला, न भिजता राहता येत नाही. मूल आजारी पडलं की ती झिजते, शेत वाहून गेलं की तिचा रंग उतरतो. तिच्यापुढे अलिप्ततेचा आदर्श ठेवला की तिच्या वाट्याला अपराधीपण येतं. हिरवा लेप मला दुसरी शक्यता दाखवतो. लिप्त व्हायचं, घ्यायचं, द्यायचं, रंग उतरू द्यायचा, आणि मोकळ्या हवेत परत मूळपदी यायचं. वारकऱ्यांनी संसार न सोडता वर्षातून एकदा पंढरीची वाट धरली, त्यात मला हीच रीत दिसते. वारीत खांद्याला खांदा लागतो, अनोळखी माणूस पायांवर डोकं ठेवतो आणि आपण त्याच्या. तिथे कोणी कोणाला लांब उभं करत नाही.

आता या लेपाची दुसरी बाजू. एका वर्षी विद्यार्थ्यांकडून मी पॉलिॲनिलीन करवून घेतलं. बर्फात ठेवलेल्या भांड्यात ॲनिलीन आणि अमोनियम परसल्फेट, मग गाळणीवर हिरवी भुकटी. ती रंगात मिसळून पत्र्याच्या तुकड्यांवर लावली, लेपावर मुद्दाम ओरखडे काढले आणि तुकडे मिठाच्या पाण्यात सोडले. बारीक ओरखड्यांपाशी लोखंड बऱ्यापैकी टिकलं, शेजारचा साधा रंगवलेला तुकडा त्याहून आधी गेला. पण जिथे ओरखडा रुंद होता तिथे उलट झालं. हिरव्या लेपाचा तुकडा साध्यापेक्षा लवकर गंजला. जगभरच्या संशोधकांनाही हेच आढळलेलं आहे. लेपाची इलेक्ट्रॉन घेण्याची ताकद मर्यादित असते. उघड्या लोखंडाचं क्षेत्र मोठं झालं आणि क्लोराइड आत आलं की त्वचा धरत नाही, लेप मात्र इलेक्ट्रॉन ओढतच राहतो आणि झीज वाढवतो. म्हणून आज पॉलिॲनिलीन एकट्याने क्वचितच वापरतात. इपॉक्सीसारख्या रंगात थोड्या प्रमाणात मिसळतात, वरून आणखी एक हात देतात. संबंध जोडणारी गोष्ट संबंधातूनच नाशही घडवू शकते. ज्या घरात जखम मोठी आहे तिथे नुसती जवळीक वाढवून ती भरत नाही, उलट चिघळते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मग विटाळवाल्यांचं बरोबर होतं का?

मला पंढरपूर आठवतं. विठ्ठलाचं वैशिष्ट्य म्हणजे पदस्पर्श दर्शन. कोणीही यावं, पायांवर डोकं ठेवावं. त्या पायांना हात लावायचा हक्क सगळ्यांना मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. आणि त्याच स्पर्शाने, पंचामृताने, तेला-पाण्याने दगड झिजतो. देवाचे पाय झिजले, ही वस्तुस्थिती आहे. त्यावर काय केलं? पुरातत्त्व विभागाच्या रसायनतज्ज्ञांनी वेळोवेळी मूर्तीला वज्रलेप दिला. २०२० साली, मंदिर भाविकांसाठी बंद असताना, असा लेप दिला गेला. स्पर्शाने झीज होते, तर झीज भरून काढायची. स्पर्श करणाऱ्यालाच तोडायचं नाही. मला हा निर्णय धर्माचा वाटतो. रुंद ओरखड्याचं उत्तरही तेच आहे: जखम आधी साफ करा, मूळ धातूपर्यंत घासा, मग लेप द्या. लोखंड पेटीत बंद करून ठेवा, असं कोणताही फिटर सांगणार नाही.

राहुरीहून सोनईमार्गे शनिशिंगणापूर तासाभराच्या आत येतं. शनीचा धातू लोखंड आणि त्याचा नैवेद्य तेल. शनिवारी आमच्या घरात लोखंडही विकत आणत नसत आणि तेलही. उघड्या आकाशाखाली, छप्पर नाही, गाभारा नाही, अशी ती काळी शिळा ऊन-पाऊस अंगावर घेत उभी आहे. सगळ्या हवेला मोकळा असलेला हा देव बाईच्या पावलाने मात्र विटाळत होता. २०१५ च्या नोव्हेंबरात एका तरुणीने चौथऱ्यावर चढून तेल वाहिलं तेव्हा नंतर चौथऱ्याचं शुद्धीकरण झालं. मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिरप्रवेशाच्या कायद्यावर बोट ठेवलं आणि ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याला, चौथरा बायकांना खुला झाला. मी त्यानंतर तिथे गेले. माझ्या पुढे एक म्हातारी होती, माझ्या आजीसारखं नेसलेली. ती पायरीशी थांबली, चढली नाही. मी तिला काही म्हटलं नाही. पण तिला कोणी शिकवलं होतं की तिच्या पायाने शिळा बिघडते, आणि ती शिकवण तिच्यात मुरली होती, याचं दुःख मला आजही आहे.

कारण तीच शिकवण माझ्यातही घालण्यात आली होती. खंडेनवमीला अप्पा सगळी हत्यारं घरी पाटावर मांडायचे: पाने, छन्नी, हातोडी, कॅलिपर. घासून पुसून तेल लावलेली. शेजारी काकांची पाभर, विळे, कुऱ्हाड. कारखान्यात त्याच सुमाराला बॉयलरचं अग्निप्रदीपन असायचं, सगळीकडे उत्साह. एका वर्षी मला कावळा शिवलेला होता आणि आजीने मला पडवीत बसवलं. "हत्याराला शिवू नको, लोखंडाला विटाळ होतो, गंजतं ते." लोखंड माणसाच्या हाताने गंजतं, हे खरंच आहे. घामात मीठ असतं, आणि घासलेल्या पोलादावर ओल्या बोटांचा ठसा राहिला तर दुसऱ्या दिवशी तिथे तांबडा डाग उमटतो. आमच्या घरात असे डाग अप्पांच्या बोटांचे होते. त्यांच्या तळहाताला घाम फार यायचा. कॅलिपर हातात घेतला की ठेवताना ते तेलाच्या फडक्याने पुसत. त्यांना कोणी पडवीत बसवलं नाही. बसवायला नकोच होतं. फडकं पुरेसं होतं.

आमच्या गावाशेजारच्या कृषी विद्यापीठाला महात्मा फुल्यांचं नाव आहे. फुल्यांनी १८६८ साली पुण्यात स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला आणि शंभरेक वर्षांनी राहुरीत त्यांच्या नावाचं विद्यापीठ उभं राहिलं. तिथे कृषी अभियांत्रिकीच्या वर्गात आज मुलीही वेल्डिंग शिकतात. घरी गेल्यावर त्यांतल्या कितीजणींना खंडेनवमीच्या पाटाला हात लावू देतात, हे त्यांच्या घरच्यांनी स्वतःला विचारावं.

विटाळ पाळायचा असेल तर पाळणाऱ्याने त्याला दुसरं कारण शोधावं. लोखंड त्याच्या बाजूने साक्ष देत नाही. अलग पडलेलं लोखंड आतून जातं, हवेला भेटणारं लोखंड स्वतःची त्वचा धरतं, आणि आजवरचे चांगले लेप, शेंदरापासून पॉलिॲनिलीनपर्यंत, धातूशी देवाणघेवाण करणारेच निघाले.

येत्या खंडेनवमीला माझ्या राहुरीकरांना एक विनंती आहे. पाभर, नांगर, पाने, फवारणीचा पंप, जे काही असेल ते आधी घासा, गंज मूळ धातूपर्यंत काढा, खताच्या पेटीतलं पोटॅश धुऊन टाका, कोरडं करून तेल द्या. आणि हळदकुंकू घरातल्या ज्या बाईला, ज्या मुलीला लावावंसं वाटेल तिला लावू द्या. तिला दिवस विचारू नका.